विड्याच्या चुन्यातून रासायनिक अभिक्रिया वर्गात कशी दाखवाल?

‘रासायनिक बदलात नवा पदार्थ तयार होतो’ हे वाक्य सातवी-आठवीच्या मुलांना तोंडपाठ असतं. तो तयार होताना मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. शाळेत प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. ठाण्यात जांभळी नाक्यावर एका फेरीत विड्याचा चुना, हळद, लिंबं आणि स्ट्रॉ मिळून जातात. कळीचा चुना तेवढा आणू नका. पाणी लागताच तो भयंकर तापतो.

आदल्या दिवशी अर्धा लिटर पाण्यात चमचाभर चुना घालून बाटली खळखळून हलवा आणि झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी गाळ न ढवळता वरचं पाणी कापडातून गाळा. ही झाली चुन्याची निवळी. आमच्याकडे एकदा बाटली उघडी राहिली, तर सकाळी वर पांढरी साय धरलेली. मी ती टाकली नाही, तशीच वर्गात नेली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने रात्रभरात केलेलं काम मुलांना आयतंच दिसलं.

आता दोन ग्लासांत दोन-दोन बोटं निवळी घ्या. स्ट्रॉला तोंडाजवळ टाचणीने भोक पाडा, म्हणजे मुलाने चुकून ओढलं तरी निवळी तोंडात जाणार नाही. चुना जिभेला आणि डोळ्यांना भाजतो, म्हणून फुंकणाऱ्याला चष्मा द्या. एका ग्लासात तो फुंकेल, दुसऱ्यात सायकलच्या पंपाने हवा सोडायची. पंप हळू मारा.

सुरू करण्याआधी विचारा, “कोणता ग्लास आधी बदलेल?” उत्तरं फळ्यावर लिहा. ही पायरी घाईत गाळू नका. स्वतः अंदाज बांधलेलं मूल ग्लासावरची नजर हलवत नाही.

थोड्याच वेळात फुंकलेला ग्लास गढूळ होतो, मग ताकासारखा पांढरा. पंपाचा तसाच नितळ. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.04 टक्के, उच्छ्वासात सुमारे 4 टक्के. ग्लास तासभर ठेवा. तळाशी बसणारी पांढरी भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जे चुनखडीत असतं तेच. भिंतीला दिलेली चुन्याची सफेदी वाळून घट्ट होते, तीही याच अभिक्रियेने.

उरलेल्या निवळीत दुसरा प्रयोग होतो. पाण्यात कालवलेली हळद कोऱ्या कागदावर फासून वाळवा, पट्ट्या कापा. पावसाळ्यात त्या पंख्याखालीच वाळतात. पट्टीवर निवळीचा थेंब टाकला की पिवळ्याचा लालभडक डाग होतो, त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळद आणि चुन्यापासून कुंकू कसं बनतं, हे घरी आजीला विचारून यायला सांगा. दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करता येतो.