ओएई पास, बेरा सपाट

बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषेची पदवी) संपवून नुकतेच बाळांच्या श्रवणचाचण्या करायला लागलेल्यांसाठी लिहितेय. यंत्र चालवायला तुम्हाला येतंच. माझी चूक यंत्राची नव्हती.

नोकरीचं पहिलं वर्ष. सत्तरीतली एक आजी नातवाला घेऊन आली. जन्मानंतर कावीळ इतकी चढली होती की बाळाचं रक्त बदलावं लागलं होतं. मी ओएई केली, म्हणजे कानात आवाज सोडून आतल्या कानातून परत येणारा प्रतिसाद टिपणारी चाचणी. दोन्ही कान पास. "कान बरे आहेत, आजी," असं सांगून मी मोकळी झाले. पोर दहा महिन्यांचं झालं तेव्हा आजी परत आली. "बाये, मागे ताट पडलं तरी वळून बघत नाही गो हा." ओएई पुन्हा पास. बेरा लावली, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाजाला नस आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा बुंधा) देतात तो प्रतिसाद आलेखावर बघितला. तर 90 डेसिबलच्या मोठ्या आवाजालाही आलेखातली ठळक अशी पाचवी लहर नाही.

ओएई फक्त कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखातल्या) बाहेरच्या केसपेशींचा प्रतिसाद मोजते. त्यापुढची नस काम करते की नाही, ते तिला कळतच नाही. आणि चढलेलं बिलिरुबिन घाव घालतं ते नेमका नसेवर आणि ब्रेनस्टेमवर. हीच ऑडिटरी न्यूरोपथी. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांहून जास्त राहिलेलं असेल किंवा त्याचं रक्त बदललेलं असेल, तर ओएईवर थांबूच नका. "पास आलं ना, मग पाठव घरी" म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका.

बेरातही एक मेख आहे. रेअरफॅक्शन आणि कंडेन्सेशन क्लिक (एकमेकांच्या उलट दाबाचे टकटक आवाज) वेगवेगळे द्या. सुरुवातीच्या लाटा क्लिकच्या पोलॅरिटीबरोबर (दिशेबरोबर) उलट्या झाल्या, तर तो कॉक्लियर मायक्रोफोनिक, म्हणजे केसपेशींचाच विद्युत प्रतिसाद. त्याला नसेचा प्रतिसाद समजू नका. इन्सर्टची (कानात घालायच्या इअरफोनची) नळी चिमटून एकदा बघा. लाटा तरीही राहिल्या तर तो नुसता आर्टिफॅक्ट, कानाचा नाही, यंत्राचा. फक्त अल्टरनेटिंगवर (दोन्ही क्लिक आलटून पालटून) चाचणी केलीत तर मायक्रोफोनिक पुसला जातो आणि निदान हातचं निसटतं.

टिंपॅनोमेट्री (हवेचा दाब बदलून पडदा आणि मध्यकर्ण तपासणं) सहा महिन्यांखाली 1000 हर्ट्झवरच करा.

बेरासाठी बाळ झोपलेलं लागतं, पण त्यासाठी झोपेचं औषध उठसूट देण्याच्या मी विरोधात आहे. आईला सांगा, बाळाला पहाटे उठवून जागं ठेवा, भुकेलं आणा, आणि डोक्याला खोबरेल लावू नका. आधी इलेक्ट्रोड लावायचे, मग दूध पाजायचं. आमच्याकडे तीट बरोबर इलेक्ट्रोडच्या जागी, कपाळाच्या मधोमध असते. ती पुसताना आजीचा चेहरा पडतो. चाचणी झाल्यावर तिलाच परत लावायला सांगा. इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विद्युत अडथळा) 5 किलोओहमखाली आल्याशिवाय सुरू करू नका, बाहेर कितीही रांग असली तरी.

घाबरू मात्र नका. सहाएक महिन्यांत लहरी ओळखायला डोळा सरावतो. माझा त्याहून उशिरा सरावला.

आणखी एक. न्यूरोपथीत बेरा सपाट आली म्हणून "काहीच ऐकू येत नाही" असं घरच्यांना सांगू नका. अशा बाळाला किती ऐकू येतं, ते बेरावरून ठरत नाही. ते त्याच्या वागण्यावरूनच, पुन्हा पुन्हा तपासून कळतं. आजीला मी त्या दिवशी तेवढंच सांगितलं, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली.