पान लावायला शिकताय? या चुका टाळा

सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरात दूध संस्थांचे, पतसंस्थांचे, सोसायट्यांचे अहवाल छपाईला येतात. तालमींच्या स्मरणिकाही त्याच सुमारास. या घाईत इनडिझाइनला, म्हणजे छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरला, पहिल्यांदा हात लावणाऱ्या पोरापोरींना शिकवताना एक गोष्ट मला सतत दिसते. त्यांना साधनांची नावं पाठ असतात, पण चौकट वेगळी आणि तिच्या आतला ऐवज वेगळा, हे डोक्यात बसलेलं नसतं.

चेअरमनसाहेबांचा फोटो मोठा करायचा आहे. काळ्या बाणानं कोपरा ओढला, चौकट वाढली आणि फोटो तेवढाच राहिला. मग पांढऱ्या बाणानं फोटोची एकच बाजू ताणली जाते आणि साहेबांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांब होतो. काळा बाण (व्ही) चौकटीसाठी, पांढरा (ए) आतल्या फोटोसाठी. दोन्ही एकदम वाढवायचे तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून काळ्या बाणानं कोपरा ओढा. फोटो आधीच ताणलाय अशी शंका आली, तर पांढऱ्या बाणानं तो निवडून वरच्या पट्टीतले आडवे-उभे टक्के बघा. दोन्ही आकडे सारखेच हवेत. आणखी एक: चौकट हलवायला गेलात आणि आतला फोटोच सरकला, तर तुम्ही मधली गोल चकती धरली आहे. कंट्रोल-झेड करा आणि चकती सोडून धरा.

मजकुराचंही तेच. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह दिसलं, की आत न मावलेला मजकूर शिल्लक आहे. माझ्या सुरुवातीच्या एका अहवालात लेखापरीक्षकांच्या शेऱ्याचा शेवटचा परिच्छेद असाच छापायचा राहिला. मी डब्ल्यू दाबून, म्हणजे छापल्यावर दिसेल तसं, पान बघत होतो, आणि त्या दृश्यात ते चिन्ह दिसतच नाही. सभेत सभासदांनी विचारलं तेव्हा कळलं. तेव्हापासून पीडीएफ काढण्याआधी खिडकीच्या तळाशी प्रीफ्लाइटचा (चुका तपासणाऱ्या सोयीचा) हिरवा ठिपका बघितल्याशिवाय मी पुढं जात नाही. चौकटीवर ते लाल अधिक चिन्ह असेल तर काळ्या बाणानं त्यावर क्लिक करा आणि पुढच्या चौकटीत क्लिक करून उरलेला मजकूर ओता. मजकूर मावावा म्हणून अक्षर बारीक करू नका. अहवाल वाचणारे बरेच जण साठीच्या पुढचे असतात.

व्ही दाबल्यावर बाण येण्याऐवजी मजकुरात अक्षर उमटलं? कर्सर अजून मजकुरात आहे. आधी एस्केप दाबा. मराठी कळफलक चालू असेल तर इंग्रजीवर या.

वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं तुटतात, तेव्हा नवखे फॉन्टला दोष देतात आणि दहा फॉन्ट बदलून बघतात. फॉन्ट युनिकोड असेल, तर दोष बहुधा कंपोझरचा (अक्षरं आणि ओळी जुळवणाऱ्या सोयीचा) असतो. पॅराग्राफ स्टाइलमध्ये (परिच्छेदाच्या साठवलेल्या मांडणीत) जस्टिफिकेशनखाली ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. स्टाइलमध्येच निवडा, म्हणजे प्रत्येक परिच्छेदाला पुन्हा करावं लागत नाही. संस्थेनं गेल्या वर्षीची फाईल दिली आणि ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. कन्व्हर्टरनं मजकूर बदलून घ्या, पण नंतर प्रूफ ओळीनं ओळ वाचा, कारण रफार आणि ‘ऱ्या’ तिथंच बिघडतात.

ताळेबंदातले आकडे स्पेसबारनं सरळ करू नका. दशांश टॅब लावा, म्हणजे रुपये-पैसे एकाखाली एक बसतात.

पिना मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत धरा. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड ठेवा, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा. आणि प्रेसला पेनड्राइव्हवर नुसती इनडिझाइनची फाईल नेऊ नका. फोटो त्या फाईलमध्ये नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. फाईल मेनूतून पॅकेज करून सगळा फोल्डर न्या, सोबत पीडीएफही ठेवा.