झाडावर नोटीस लागायच्या आधीच वही भरा

२०२१ मध्ये नागपुरातल्या अजनी वनाची झाडं तोडू नये म्हणून लोक उभे राहिले, तेव्हा मला एक गोष्ट पक्की कळली, झाडावर तोडणीची नोटीस चिकटल्यावर कितीही धावपळ करा, हातात आधीची नोंद नसली की बोलणं भावनेवरच राहते. म्हणून झाडं-पाखरांची नोंद आधीच ठेवायची ही पद्धत सांगतो.

घराजवळची एकच जागा धरा. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, फुटाळ्याचा काठ, नाहीतर कॉलनीतलं मैदानपण चालते. पंधरा दिवसातून एकदा, वर्षभर. मे महिन्यात सहालाच निघा, आठनंतर पाखरं सावलीत गप होतात.

झाडासाठी शिंप्याचा टेप पुरे. जमिनीपासून साडेचार फुटावर बुंध्याचा घेर मोजा, नाव, तारीख, फोटो, लोकेशन लिहा. घेर काहून, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असतात, अन् वयाचा अंदाज घेरावरून निघतो.

पण खरा वाद इथेच आहे बाप्पा. साठ वर्षांच्या एका झाडाला साठ रोपं ऐकायला बरं वाटते, पण आता राखी धनेश हा पक्षी घ्या, मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर वड-पिंपळ-उंबराची फळं आणून तिला भरवतो. साठ रोपांत एकही ढोली नसते, ती व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून ढोली कुठे, फळं कोणत्या महिन्यात, खायला कोण आलं, हे लिहाच. नुसत्या शंभर नावांच्या यादीपेक्षा मला ही एक ओळ जास्त वजनदार वाटते.

गवताळ जागेचे हाल तर आणखी वाईट. पडीत आहे म्हणून तिथे खड्डे खोदून रोपं लावतात, मनात चांगलंच असते, पण टिटवी अन् चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना मोकळं गवतच पाहिजे. असं घरटं दिसलं तर लांबूनच फोटो घ्या आणि वृक्षारोपणाच्या आधी तो दाखवा.

नोंदी ईबर्ड, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. ओळख पटली नाही तर विचारा, अंदाजाने नाव लिहू नका, एक चुकलं की सगळ्या वहीवर शंका घेतात. घुबडाच्या घरट्याचं लोकेशन मात्र उघडं टाकू नका, लोक त्यांना पकडून विकतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे त्या भागातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, असायला पाहिजे. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत दिल्यावर देशभर बऱ्याच नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या ही टीका अजून होते. आपल्या भागाचं त्यात काय लिहिलंय ते १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात मागा, काही सुटलं असेल तर आपली नोंद जोडून समितीला लेखी द्या. राज्य जैवविविधता मंडळाचं ऑफिस तर नागपुरातच आहे.

झाडतोडीवर आक्षेप लिहिताना आधी नोटिशीतली मुदत बघा, अन् "झाडं वाचवा" एवढ्यावर थांबू नका, कोणतं झाड, किती घेर, ढोलीत काय, कोणत्या तारखेला पाहिलं ते टाका. अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्याच, मी एकदा न घेता आलो होतो आणि सुनावणीला माझा अर्ज कुणाकडेच नव्हता.