खाण्याची सवय बदलायला स्वसंमोहन

स्वसंमोहनाने, म्हणजे शांत बसून स्वतःच स्वतःच्या मनाला सूचना देण्याने, चरबी वितळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याचा उपयोग होतो तो भूक नसताना हात डब्याकडे जातो त्या क्षणी. म्हणून ‘वजन कमी होवो’ अशी मोघम सूचना नको. एकच सवय निवडा. समजा, रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर बसून चरणं.

रोज १०-१५ मिनिटं शांत जागी बसा. (आडवे झालात तर झोप लागते आणि सूचना राहून जाते.) डोळे मिटा, श्वास सावकाश सोडा, पायापासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल करा, मग मनात १० ते १ उलटे मोजा. आता तो नेमका प्रसंग डोळ्यांसमोर आणा: ती वेळ, ती खुर्ची, हातातला रिमोट. खावंसं वाटतंय, तुम्ही उठून पाणी पिता, आणि हुक्की ओसरते. सोबत छोटं वाक्य म्हणा: ‘पोट भरलं की माझा हात थांबतो.’ ‘मी गोड खाणार नाही’ म्हणाल तर डोळ्यांपुढे गोडच येईल, म्हणून नकार टाळा. शेवटी १ ते ५ मोजून डोळे उघडा. गाडी चालवताना हे अजिबात नको.

पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, त्यामुळे मला विचाराल तर पहिली सूचना सावकाश जेवण्याचीच द्यावी. आहार आणि व्यायाम सुटत नाहीतच. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा.