हलका नांगर घेताय? या चुका टाळा

आधीच सांगून टाकतो, हलक्या नांगराला माझा विरोध नाही, माझ्या 32 फुटी शिडाच्या बोटीवर अ‍ॅल्युमिनियमचा एक आहेच. विरोध आहे तो "एकच घ्यायचा, हलका घ्यायचा, विषय संपला" या हिशोबाला.

बोटीच्या नाकावरचं वजन कमी करायचं म्हणून लोक 15 किलोचा स्टीलचा नांगर काढून 5 किलोचा लावतात आणि मागे 10 एमएमची 30 मीटर साखळी तशीच, म्हणजे 65 किलोच्या वर! तीच 8 एमएमची घेतली तर 42-43 किलोत भागतं. मग वाचवायचं तर तिथे वाचवा ना, फक्त ती हाय टेस्ट ग्रेडची, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाची घ्या आणि आपल्या बोटीला पुरतेय का ते आधी बघा. दुसरं म्हणजे नांगर हलका म्हणून आकारानेही छोटा घेऊ नका. हा वजनावर धरतच नाही, फाळ किती मोठा आणि किती खोल रुतला त्यावर धरतो (आपल्याकडे शेतातला आणि समुद्रातला दोन्ही नांगरच, ते काही उगाच नाही).

आता माझीच फजिती. जयगडच्या खाडीत संध्याकाळी ओहोटीवर माझा हाच हलका नांगर टाकला, चपट्या पात्यांचा, डॅनफोर्थ जातीचा. रिव्हर्समध्ये खेचून बघितला, मस्त धरला, जेवून झोपलो. रात्री पाणी फिरलं, भरती लागली, बोट उलटी वळली आणि नांगर उलट्या बाजूने उपटला गेला. बाहेर आल्यावर परत रुतायला हवा होता, पण दांडा आणि पात्याच्या मधे कालवाचं कवच अडकलेलं, पातं हलेचना, आणि तो पाटासारखा तळावरून घसरत राहिला. दोराला हात लावला तर हाताला गुर्रर्र असा खरखराट, तो आला की समजायचं घसरतोय. बोट ठरवलेल्या घेराबाहेर गेली की वाजणारा मोबाइलवरचा अलार्म लावलेला, पण घेर एवढा मोठा ठेवलेला की वाजलाच नाही. चूक नांगराची नाही, माझी. सहा-सहा तासांनी पाणी फिरतं अशा खाडीत हा नांगर एकटा टाकून झोपायचंच नसतं. तिथे मेन नांगर स्पेड किंवा रोकना जातीचा, म्हणजे फावड्यासारख्या एकाच पात्याचा हवा, तो बोटीबरोबर वळतो आणि उपटला तरी बहुतेकदा परत रुततो.

फोर्ट्रेस ही हलके नांगर बनवणारी कंपनी, तिच्या नांगरात पात्यांचा कोन बदलता येतो, 32 अंश वाळूला आणि 45 अंश मऊ चिखलाला, आणि गंमत म्हणजे बरेच जण पहिल्या दिवशी जोडतात तसाच वर्षानुवर्षं वापरतात आणि मग खाडीच्या लोण्यासारख्या गाळात धरत नाही म्हणून ओरडतात. 2014 मध्ये अमेरिकेत चेसापीक बेच्या चिखलात टेस्ट झाली त्यात 45 अंशावर तो भारी ठरला, पण ती टेस्ट त्याच कंपनीने केलेली, हे लक्षात ठेवून वाचा. उलट 45 वर ठेवून कडक वाळूत टाकलात तर रुतणारच नाही. आणि गवताळ तळ असेल तर हलका नांगर विसराच, वरच्या वर सरकत जातो.

टाकताना बोट चालू असेल तर पत्रावळ उडावी तसा पाण्यात तरंगत भलतीकडे जातो. बोट थांबवा, हळू सोडा, आधी हलकं खेचा, मग जोर वाढवा. किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागचा खांब एका रेषेत धरून बघत राहा, रेष मोडली की समजा घसरतोय.

दोराचा हिशोब भरतीच्या पाण्यावर करा. ओहोटीला 4 मीटर पाणी, भरतीचे 3, नाकाची उंची 1, झाले 8. दोर याच्या सातपट सोडायचा, म्हणजे 56 मीटर. लोक 4 धरून 28 सोडतात. दोर नायलॉनचाच घ्या, जेट्टीजवळच्या दुकानात मिळणारा स्वस्त पॉलिप्रोपिलीनचा नायलॉनइतका ताणलाही जात नाही आणि वर तरंगतो, कुणाच्या तरी बोटीच्या पंख्यात जाणार. नांगरापाशी थोडी साखळी हवीच, शॅकल (नांगर आणि साखळी जोडायची कडी) गॅल्व्हनाइज्ड लावा, स्टेनलेसने अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात खाल्लं जातं. आणि शॅकलची पिन तारेने बांधा.

माझा हलका आता दुसरा नांगर म्हणून मागच्या लॉकरात असतो. ओहोटीत बोट वाळूवर बसली की डिंगीत (छोट्या होडीत) टाकायचा, 40 मीटर वल्हवत न्यायचा आणि त्याच्यावर बोट ओढून काढायची. 15 किलोचा साखळीसकट असा नेऊन बघा एकदा.