स्टॅक बिघडला तरी अनवाइंडर पडू नये म्हणून

फर्मागुडीच्या पोरांनो, लिनक्स कर्नलमध्ये बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्याची यादी) काढताना स्टॅक, म्हणजे फंक्शन कॉलचा हिशोब ठेवणारी मेमरी, उलगडत जाणारा अनवाइंडरच क्रॅश होत असेल तर आधी फ्रेम पॉइंटरवर (स्टॅकवर त्या फंक्शनची जागा दाखवणारा पत्ता) डोळे मिटून विश्वास ठेवणं सोडा. एक्स८६-६४ प्रोसेसरवर सेव्ह केलेला आरबीपी (फ्रेम पॉइंटर ठेवणारा रजिस्टर) वाचला की बघायचं, ८ ने भाग जातो का, त्याच १६ केबी स्टॅकच्या हद्दीत आहे का, आणि मुख्य म्हणजे आधीच्यापेक्षा मोठा आहे का, कारण स्टॅक खाली वाढतो, परतताना पत्ता चढलाच पाहिजे, नायतर लूप लागला आणि मग बसा जुलैत लाईटची वाट बघत बसतो तसे. रिटर्न ॲड्रेस (फंक्शन संपल्यावर परत जायचा पत्ता) सेव्ह केलेल्या आरबीपीच्या जागेपासून ८ बाइट वर, तो कर्नल टेक्स्टमध्ये (कर्नलच्या कोडच्या भागात) नसेल तर तिथंच थांबा, अंदाज नको. इंटरप्ट स्टॅकवरून (इंटरप्ट हाताळायचा वेगळा स्टॅक) टास्क स्टॅकवर (चालू टास्कचा स्वतःचा) गेलात तर नोंद ठेवा, एकदा सोडलेल्या स्टॅकमध्ये परत शिरायचं नाय. ओआरसी (फ्रेम पॉइंटरऐवजी आधीच बनवलेल्या तक्त्यावरून अनवाइंड करायची पद्धत) वापरलं तरी हद्दीचे चेक लागतातच.