पल्स लेझरचं कूलिंग: या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्र्यातली मोल्ड दुरुस्तीची दुकानं असोत की सराफ्यातलं सोल्डरिंग, लॅम्पवर चालणाऱ्या एनडी-यॅग लेझर मशिनची (यात लॅम्पच्या प्रकाशाने यॅग स्फटिकाच्या रॉडमधून लेझरचे झटके, म्हणजे पल्स, निघतात) उन्हाळ्यातली तक्रार ठरलेली असते: सकाळी वेल्ड पक्का बसतो, दुपारी पकडतच नाही. आणि त्यावर ऑपरेटरचा उपायही ठरलेला, व्होल्टेज वाढवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लॅम्पच्या मशिनमध्ये घेतलेल्या विजेपैकी जेमतेम दोन-तीन टक्के लेझर बनून बाहेर येते, बाकी बहुतेक सगळी उष्णता होऊन पाण्यात जाते. व्होल्टेज वाढवलं की तीही वाढते. वर लॅम्पचं आयुष्य झपाट्याने घटतं. क्षमतेच्या टोकाला चालणाऱ्या लॅम्पमध्ये पल्सची ऊर्जा १० टक्के वाढवली, तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं.

आधी दोष कुठे आहे ते पाहा. बर्न पेपरवर, म्हणजे लेझर पडला की जळून ठसा उमटणाऱ्या कागदावर, सेकंदाला एक पल्स ठेवून ठसा घ्या. मग तेवढ्याच ऊर्जेवर सेकंदाला १० किंवा २० पल्स ठेवा, रॉडचं तापमान स्थिरावू द्या आणि पुन्हा एकच ठसा घ्या. पहिला ठसा गोल आणि दुसरा पसरट किंवा मधोमध जळका आला, तर लॅम्पला दोष देऊ नका. रॉड मध्यभागी तापतो, कडेला पाण्याने थंड राहतो, आणि त्या फरकामुळे स्वतःच भिंगासारखा वागायला लागतो. दोन्ही ठसे सारखेच फिके आले, तर मात्र लॅम्प, आरसे आणि पाण्याचा गढूळपणा तपासा. कव्हर उघडण्याआधी कपॅसिटर बँक डिस्चार्ज करायलाच हवी. मशिन बंद केल्यावरही त्यात जीव घेण्याइतका चार्ज उरतो.

आता पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणून लोक घरच्या आरओचं पाणी भरतात. ते प्यायला ठीक, लेझरला नाही. बऱ्याच मशिनांत लॅम्पची टोकं पाण्यातच बुडालेली असतात. क्षार असले की करंट पाण्यातून गळतो आणि लॅम्प पेटायला कुरकुर करतो. डीआय, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं (डीआयोनाइज्ड) पाणीच वापरा. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं तरी टीडीएस मीटर बुडवून बघा, आकडा दोन-तीनच्या वर गेला तर ते भरू नका. टाकीला हिरवट झाक आली किंवा फिल्टर बुळबुळीत लागला, तर नुसतं वरून पाणी घालून भागत नाही. पूर्ण निचरा करा, टाकी धुवा, फिल्टर बदला. पाण्याचा प्रवाह कमी झाला की मशिन थांबवणारा फ्लो स्विच शॉर्ट करून काम रेटणं म्हणजे रॉड फुटायची वाट मोकळी करणं.

हे पाणी थंड करणाऱ्या चिलरची जागाही चुकते. पत्र्याच्या शेडखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेला चिलर मे महिन्यात स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. कंडेन्सरच्या जाळीत काळ्या मातीची धूळ बसते, जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतूही. उन्हाळ्यात दर आठवड्याला जाळी झाडा.

पाण्याचं तापमान २० अंशांवर ठेवलं की मे महिन्यात त्रास नसतो, हवा कोरडी असते. जुलैत मात्र २८ अंशांच्या, ८५ टक्के दमट हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं तो आकडा, २५च्या आसपास जातो. मग त्याच २० अंशांवर पाइपवर, आणि वाईट म्हणजे काचांवरही, दव धरतं. पावसाळ्यात सेटिंग दवबिंदूच्या वर ठेवा. लॅम्पऐवजी डायोडच्या प्रकाशावर चालणारं मशिन असेल तर कंपनीने दिलेल्या मर्यादेतच बदल करा. कारण ८०८ नॅनोमीटरच्या डायोडची तरंगलांबी अंशामागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, आणि पाच अंशांच्या फरकाने यॅग तो प्रकाश कमी शोषू शकतो.

वीज गेली की लॅम्पबरोबर पंपही थांबतो, रॉड गरमच राहतो. पंपापुरता यूपीएस ठेवा.

मोठं मशिन घ्यायचं म्हणून जाड रॉड मागणं, हाही गैरसमजच. रॉड किती उष्णता पेलेल हे त्याच्या लांबीवर ठरतं, जाडीवर नाही. जाडी वाढली की आतली उष्णता पृष्ठभागापर्यंत यायचं अंतरही वाढतं. म्हणून सरासरी पॉवर वाढवताना एकापाठोपाठ अनेक रॉड लावतात किंवा पातळ स्लॅबकडे, म्हणजे चपट्या वडीकडे, वळतात. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या महाकाय लेझर यंत्रात १९२ बीम आहेत, पण त्यात यॅगऐवजी काच आहे आणि ती उष्णता फार हळू सोडते, म्हणून दोन शॉटमध्ये काही तास थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या डायपोल या लेझर ॲम्प्लिफायरने (पल्सची ऊर्जा वाढवणाऱ्या यंत्राने) वेगळी वाट धरली. त्यात यटर्बियम-यॅगचे स्लॅब असतात आणि त्यांच्यामधून सुमारे १५० केल्विनचा (उणे १२३ अंश सेल्सिअस) थंड हीलियम वाहतो. सेकंदाला १० पल्स, प्रत्येक १०० जूलची, म्हणजे सरासरी १ किलोवॅट. स्लॅब रुंद केला की ऊर्जा आडवी धावून वाया जाते, म्हणून त्याच्या कडेला प्रकाश शोषणारी पट्टी द्यावी लागते.

विक्रेत्याला नुसते जूल विचारू नका. भर दुपारी, पूर्ण पल्स दरावर २० मिनिटं मशिन चालवून घेतलेला बर्न पेपरचा ठसा मागा.